ब्रेझिनाची वाळू

ब्रेझिना, नेब्रास्का
९ एप्रिल १९८४

प्रिय लिबी,

दुसरा डबा निम्मा ओतून झाला होता, तेव्हा टपालवाली कुंपणाशी थांबली आणि तुझं पाकीट माझ्या काळ्या हातात देऊन गेली. त्यामुळे या कागदावर जे डाग दिसतील ते जळक्या ऑइलचे आहेत. धुऊन जात नाहीत.

तुझ्या कचेरीच्या प्रश्नांची उत्तरं. नऊ होलचं गोल्फ मैदान. उपाहारगृह नाही. एक शेड आहे, शेडमध्ये फ्रिज आहे, फ्रिजमध्ये बिअर आहे. मैदानाभोवती मक्याची शेतं आहेत आणि चेंडू मक्यात गेला तर तो शेतमालक लेनर्ड वावराच्या मालकीचा होतो.

‘विशेष आकर्षण काय’ असं विचारलंस. भोकाभोवतीच्या ग्रीनवर आमच्याकडे गवत नाही, हेच. तीस-पस्तीस फुटांचं वर्तुळ, त्यात वाळू, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वाळूत ऑइल. चेंडू वाळूवर आला की फळी घ्यायची, चेंडूपासून भोकापर्यंत वाट सपाट करायची आणि त्या वाटेवरून चेंडू ढकलायचा. झालं की दाताळ्याने मधून बाहेर गोल फिरत सगळी वाळू सारखी करायची आणि पुढे जायचं. तुला हे सांगायला नको. तू आणि मी शाळेत असताना किती वेळा वाळू ओढली आहे. पण तुझ्या साहेबांना माहीत नसेल.

दर एप्रिलला वाळू खालपर्यंत उकरून उलथावी लागते. सध्या चौथ्या ग्रीनवर आहे. एरवी या तारखेला नऊच्या नऊ झालेली असतात. यंदा थंडी लांबली.

गावात नवीन एवढंच, की शाळेने बोअर घेतली आणि तिला न संपणारं पाणी लागलं. आता ग्रीनवर गवत करू या, असं मैदानाच्या मंडळात कोणीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. कोणी म्हणालं नाही. लोकांचा वाळूवर जीव आहे.

अल्बिना बरी आहे. मावशीच्या थडग्यावर ईस्टरला फुलं ठेवू, तुझ्या नावाचीही.

तुझा,
रूडी


ओमाहा
१८ एप्रिल

प्रिय रूडी,

तुझं पत्र डागांसकट स्ट्राउड साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं.

हे पत्रक काय आहे ते आधी सांगते. ओमाहाभोवतीच्या पन्नास मैलांतली सगळी गोल्फ मैदानं आणि गोल्फशी संबंधित जे काही बघण्याजोगं आहे ते, प्रत्येकी दोन वाक्यं. बाहेरगावचे लोक मोटेलमध्ये उतरतात, त्यांच्या हातात द्यायचं. साहेब स्वतः गोल्फ खेळत नाहीत, म्हणून काम माझ्याकडे आलं. मीही खेळत नाही, पण माझा मावसभाऊ खेळतो, एवढी पात्रता पुरली.

पश्चिमेच्या मोठ्या क्लबवर गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, “सदस्य आहात?” म्हटलं, “नाही, पत्रक लिहिते.” म्हणाला, “मग बाहेरूनच लिहा.” म्हणून मी लिहिलंय, ‘झाडं जुनी आणि सुंदर आहेत.’ नदीकाठचं मैदान दर मार्चला पाण्याखाली जातं. त्याला लिहिलं, ‘पाण्याच्या सहवासात.’ ड्राइव्ह-इन सिनेमाशेजारी मुलांचं छोटं गोल्फ आहे. तिथे प्लास्टरचा डायनासोर आहे, चेंडू त्याच्या तोंडातून आत जातो आणि शेपटीखालून बाहेर येतो. साहेब फक्त तिथेच स्वतः येऊन पाहून गेले.

मग ब्रेझिनाची पाळी.

“वाळू?” साहेब म्हणाले. “वाळूत चेंडू गेला की लोक शिव्या देतात ना, लिबी?”

“इथे मुद्दाम वाळूतच मारतात.”

“गवत का नाही?”

“पाणी नव्हतं.”

“पाणी नव्हतं तर मग गोल्फ कशाला सुरू केलं?”

“ते तुम्ही तिथे जाऊन विचारा. फावडं घेऊन एक माणूस भेटेल, त्याला.”

ते म्हणाले, हे काही आकर्षण होत नाही, गाळा. मी म्हटलं, डायनासोरच्या शेपटीखालचं चालतं आणि माझ्या भावाने अठ्ठावीस वर्षं राखलेलं चालत नाही, तर उरलेलं पत्रक तुम्हीच टाइप करा. ते दार लावून आत बसले आहेत. मी अजून टाइप करते आहे, म्हणजे बहुतेक जिंकले.

तुझ्याबद्दल एक वाक्य घालणार आहे. लाजू नकोस.

लिबी


ब्रेझिना
२ मे

प्रिय लिबी,

तुझे साहेब बरोबर बोलतात. आम्हाला गाळ.

हमरस्त्यावर पाटी नाही. चुलतभावाला भेटायला येणारेसुद्धा पहिल्यांदा लेनर्डच्या अंगणात जाऊन वळतात. ओमाहाचा माणूस चाळीस मैल गाडी हाकून येणार आणि त्याला काय दिसणार, तर काळी वाळू. साहेबांवर रागावू नकोस. तुला तिथे नोकरी करायची आहे.

सहावं ग्रीन झालं. लेनर्ड वावराने ट्रॅक्टर देऊ केला होता. नको म्हटलं. ट्रॅक्टरने वाळू दबते.

माझ्याबद्दल वाक्य नको. खरंच नको.

अल्बिनाने आलूबुखार भरून कोलाचे भाजले, ते पाठवले आहेत. निम्मे साहेबांना दे.

रूडी


ओमाहा
२५ मे

प्रिय रूडी,

सोबत पाच प्रती. पान सहा, खालून दुसरं.

‘ब्रेझिना (चाळीस मैल, वायव्येस). या भागात आता दुर्मिळ झालेली वाळूची ग्रीन इथे अजून जिवंत आहेत; रूडी पॉस्पिशिल रोज सकाळी ती हाताने सारखी करतात.’

तू नको म्हणालास ते वाचलं. आपल्याकडे केकचा तुकडा पुढे केला की माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. तू एकाच पत्रात दोनदा म्हणालास. मी तिसऱ्यांदा धरलं.

गंमत म्हणजे साहेबांना आता तेच वाक्य सगळ्यात आवडतं. काल नगरपालिकेच्या जेवणात त्यांनी ते उभं राहून वाचलं आणि ही कल्पना आपलीच असं सांगितलं. कोलाचे खाल्ल्यापासून ते ब्रेझिनाचे झाले आहेत.

मोटेलवाले म्हणतात, लोक तुमच्या मैदानाचा रस्ता विचारतात. बघ, येतील. मला फार बरं वाटतंय. आई असती तर पानाची चौकट करून भिंतीला लावली असती.

लिबी


ब्रेझिना
१३ जून

लिबी,

हे पत्र अल्बिनाचं आहे. रूडी मैदानावर आहे. त्याला कळू देऊ नकोस.

लोक आले. शनिवारी सात गाड्या, रविवारी त्याहून जास्त. चांगली माणसं आहेत, हसतमुख, जाताना आभार मानतात. पण तू पत्रकात वाळू लिहिलीस, फळी लिहिली नाहीस. तुझी चूक नाही, इथे कोणाला ते सांगावंच लागत नाही, म्हणून तुलाही सुचलं नसेल. ते लोक सरळ वाळूवर चालत जातात, फोटो काढतात, चेंडू मारतात आणि पुढच्या ग्रीनवर जाऊन तेच करतात. फळी आणि दाताळं त्यांना शोभेची वाटतात. एका बाईने दाताळं हातात धरून फोटो काढला आणि परत टेकवून ठेवलं.

मग रूडी त्यांच्या मागून जातो. गाडी गेली की नऊच्या नऊ ओढतो. दुसरी गाडी येते. पुन्हा ओढतो.

त्याचा उजवा खांदा गेला आहे, लिबी. आत्ता नाही, मागच्या हिवाळ्याच्या आधीपासून. डॉक्टर म्हणाला आत काहीतरी फाटलंय आणि ओढण्याचं काम बंद कर. हा म्हणाला बरं, आणि तिथून थेट मैदानावर गेला. शर्ट मी घालून देते. रात्री खुर्चीत बसून झोपतो, आडवं होता येत नाही. एप्रिलपासून वाळू उलथायला त्याला सहा आठवडे लागले. गावात सांगतो, थंडी लांबली.

मी म्हटलं, मंडळाला सांग की आता गवत करा, शाळेचं पाणी आहे. यंत्रावर बसून कापता येईल. तर म्हणतो, “लोकांचा वाळूवर जीव आहे, माझ्या एका खांद्यासाठी त्यांचं मैदान बदलू?”

आता तर ते तू छापून दिलंस. आता कसं सांगणार तो?

मी तुला दोष देत नाही. पण कोणाला तरी लिहायलाच हवं होतं.

अल्बिना


ओमाहा
२२ जून

प्रिय रूडी,

हे पत्र बसून वाच. अल्बिना माझ्यावर चिडेल, तर चिडू दे. तिने मला तुझ्या खांद्याबद्दल लिहिलं आहे. सगळं. शर्टाचं आणि खुर्चीचंही.

मी तिला उत्तर लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात काल लेनर्ड वावरा कचेरीत उभा. ट्रॅक्टरचा कुठलासा भाग घ्यायला शहरात आला होता. टोपी हातात.

“तुझं पत्रक छान झालंय.”

“बस ना.”

“नाही, निघतोच आहे,” म्हणाला आणि बसला.

मी त्याला खाली कॉफी प्यायला नेलं. त्याने एक ॲपल पाय आणि एक चेरी पाय मागवला, एक स्वतःला आणि एक मला, आणि माझाही त्यानेच खाल्ला. गव्हाबद्दल बोलला. पावसाबद्दल बोलला. मग ताटलीकडे बघत म्हणाला, “लिबी, तू आता बाहेरची, म्हणून तुला सांगतो. मला ती वाळू सहन होत नाही.”

मी कप खाली ठेवला.

“कोणालाच होत नाही. बुटात जाते. गाडीला ऑइलचा वास येतो. हॅटी सोबोटका नवऱ्याला मोजे काढल्याशिवाय घरात घेत नाही. शाळेची बोअर लागली त्या दिवशीच मी हिशेब केला होता, नळ किती लागेल, बी किती. कागद खिशात घेऊन हिंडतोय मार्चपासून.”

“मग बैठकीत का नाही काढलास?”

“रूडीसमोर?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. “अठ्ठावीस वर्षं त्या माणसाने वाळू ओढली. गवत म्हटलं तर त्याला काय वाटेल?”

“विचारलंस त्याला?”

“असं विचारतात का कोणाला?”

आणि आता नीट ऐक, रूडी. सतरा जुलैच्या बैठकीत ते ठराव आणणार आहेत. पॉस्पिशिल आहेत तोवर ब्रेझिनाच्या ग्रीनवर वाळूच राहील, असा. कायमचा. माझं पत्रक वाचून त्यांना सुचलं. तुला आधी कळू द्यायचं नाही, अचानक आनंद द्यायचा आहे. हॅटी केक करणार आहे. मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय, आणि मी हो म्हटलंय.

म्हणजे सगळं गाव तुझ्यासाठी वाळू सोसतंय आणि तू गावासाठी. एकालाही ती नको आहे. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात ते उगाच नाही.

सतराच्या आत बोल. एक वाक्य पुरेल.

लिबी


ब्रेझिना
२७ जून

लिबी,

तू फार वर्षं शहरात राहिलीस.

लेनर्ड तुझ्यासमोर वाळूला नावं ठेवणारच. तू त्याला कॉफी पाजलीस आणि तू गवतवाल्या लोकांत नोकरी करतेस. तो तुझा मान राखत होता. मी त्याला ओळखतो. मागच्या वर्षी तिसऱ्या ग्रीनवर गारा पडल्या तेव्हा तो माझ्याआधी फावडं घेऊन आला होता. वाळू नकोशी असणारा माणूस येतो का?

समजा मी सांगितलं, खांदा गेला. काय होईल? दुसऱ्या दिवशी दारात झाकलेल्या भांड्यांची रांग लागेल. मग वार लावतील. सोमवारी हॅटीचा नवरा, मंगळवारी लेनर्ड, असे फळी ओढतील. वाकडी ओढतील आणि मला म्हणतील, ठीक झालं का रूडी? मी म्हणेन, झालं. हे मला नको.

आणि दुसरं, जे अल्बिनाला मी बोललो नाही. गवत झालं की यंत्रावर बसणारा कोणीही चालतो. वाळूला मी लागतो.

ठरावाचं तू सांगितलंस, म्हणजे मला आता आश्चर्य वाटल्यासारखं करावं लागेल. ते मला जमत नाही.

अल्बिनाला मी काही बोललो नाही. तूही हा विषय सोड.

रूडी


ओमाहा
३ जुलै

रूडी,

सोडत नाही.

लेनर्ड माझा मान राखत होता म्हणतोस. त्याच्या खिशातला कागद मी पाहिला आहे. घडीवर फाटत आलाय. मान राखायला कोणी चार महिने नळाचे भाव खिशात घेऊन फिरत नाही. गारांच्या दिवशी तो वाळूसाठी आला नव्हता, रूडी. तू एकटा असशील म्हणून आला होता.

तुझं दुसरं कारण मला कळलं. गवत झाल्यावर कदाचित तू खरंच लागणार नाहीस. मी तुला खोटं सांगणार नाही. पण ठराव झाला तर तुला ती वाळू मरेपर्यंत ओढावी लागेल, आणि दोन वर्षांत तुझा हात चमचा उचलणार नाही. मग तर तू कशालाच लागणार नाहीस.

माझ्या बाजूने मी जे करता येईल ते केलं. उरलेल्या पत्रकांवर पान सहाच्या खाली एक ओळ रबरी शिक्क्याने मारते आहे: ‘खेळून झाल्यावर वाळू सारखी करून जावी, फळी व दाताळं ग्रीनशेजारी असतात.’ शिक्का माझ्या पैशाने केला. रोज संध्याकाळी बसून मारते. साहेब म्हणतात, पान घाण दिसतं. दिसू दे.

त्यांना दुसऱ्या आवृत्तीसाठी तुझा फळीसकट फोटो हवा आहे. मी सांगितलं, अठरा तारखेनंतर बोलू.

लेनर्डला दिलेला शब्द मी तुझ्यासाठी मोडला. अल्बिनाला दिलेलाही. आता तिसरा कोणाचा मोडायला उरलेला नाही. तुला बोलावं लागेल.

लिबी


ब्रेझिना
१८ जुलै

प्रिय लिबी,

तुझं तीन तारखेचं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं नव्हतं. आता आहे. लांबेल.

काल बैठक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाचे सात जण, त्यांच्या बायका, शिवाय वीसेक माणसं. एरवी बैठकीला पाच येतात. अल्बिनाने मला निळा शर्ट घातला. चढवताना म्हणाली, “बोलणार आहेस का?” मी म्हटलं, “बघू.” ती म्हणाली, “तुझ्या बघूवर मी चाळीस वर्षं काढली आहेत.”

लेनर्डने ठराव वाचला. चांगला लिहिला होता. ‘ज्याअर्थी’ तीन वेळा आलं. मग सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, आणि माझ्याकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. म्हणालो, “आभारी आहे.” आणि बसलो.

तू हे वाचून टेबलावर हात आपटला असशील. पण तू तिथे नव्हतीस. हॅटीने केक आणला. नऊ छोटे झेंडे, आणि ग्रीनच्या जागी भाजलेली साखर, हुबेहूब आमच्या वाळूच्या रंगाची. म्हणाली, “आठवडाभर रंग जुळवत होते.” अशा बाईसमोर काय बोलणार? मी दोन तुकडे खाल्ले. अल्बिनाने एकही घेतला नाही. सगळे मला म्हणत होते, छान झालं रूडी. मी म्हणत होतो, हो, छान झालं.

मग निघालो. आमच्याकडचं निघणं तुला माहीत आहे. दारात अर्धा तास, पायरीवर तेवढाच, मग गाडीशी. ऊन अजून होतं. अल्बिना हॅटीबरोबर तिच्या गाडीकडे गेली. लेनर्ड म्हणाला, “चल, तुला सोडतो.” त्याचा ट्रक उंच आहे. मी दाराच्या मुठीला हात घालायला गेलो आणि तो वर गेलाच नाही. मग डावा हात आडवा नेऊन दार उघडलं. तो बघत होता.

“खांद्याला काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? परवाही तू टोपी डाव्या हाताने काढलीस.”

“अवघडलाय जरा.”

तो म्हणाला, “बरं.” आणि आपल्या बाजूला जाऊन बसला. किल्ली लावली. तेवढ्यावर संपलं असतं. त्याने ‘बरं’ म्हटलं होतं आणि मीही म्हटलं असतं. पण मी अजून खालीच उभा होतो, कारण दार उघडलं तरी वर चढायला हात लागत होता, आणि तो नव्हता.

मी म्हटलं, “लेनर्ड, मला वाळू ओढवत नाही.”

त्याने गाडी बंद केली.

“कधीपासून?”

“मागच्या हिवाळ्याच्या आधीपासून.”

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. मग म्हणाला, “आणि मी आत्ता तो ठराव वाचला.”

“चांगला वाचलास.”

“तुला आधी बोलता येत नव्हतं?”

“तुम्हाला वाळू हवी होती.”

“मला?” तो खाली उतरला. ट्रकला वळसा घालून माझ्याकडे आला. मला वाटलं, मारतो की काय. “मला हवी होती? माझ्या बायकोने वीस वर्षं मला मागच्या दाराने घरात घेतलंय, त्या वाळूपायी!”

“मग तू का नाही बोललास?”

“तुला वाईट वाटेल म्हणून, मूर्खा!”

हे तो मोठ्याने बोलला. गाड्यांशी उभे असलेले सगळे वळले. लेनर्डने हात वर करून हाक मारली, “हॅटी! गाडी बंद कर! कोणी जाऊ नका!”

सगळे परत गोळा झाले. लेनर्डने सांगितलं. मला सांगावं लागलं नाही, मी जमिनीकडे बघत होतो. मग हॅटीचा नवरा म्हणाला, “म्हणजे मोजे घालून घरात जाता येईल?” आणि एक जण हसला, मग सगळेच. मी नाही हसलो. मला हसण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं आहेत ती, लिबी. त्यातली किती वर्षं ते नुसते माझ्यासाठी खेळत होते, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कोणीतरी म्हणालं, पण ठराव तर झाला. मंडळाची वही हॅटी लिहिते. ती म्हणाली, “वहीत लिहिला नाही अजून. हाताला साखर होती.” मग तिथेच, गाड्यांच्या मधे, गवतासाठी हात वर करून मतं घेतली. सातही वर गेले. मी मंडळात नाही, तरी लेनर्ड म्हणाला, “तुझं बघायचंय.” मी डावा वर केला.

घरी सोडताना तो म्हणाला, “गवत कापायच्या यंत्रावर तूच बसायचंस.”

मी म्हटलं, “बघू.”

म्हणाला, “बघू नको. हो किंवा नाही म्हण.”

मी म्हटलं, “उद्या सांगतो.” त्याने ते धरून ठेवलं आहे.

अल्बिनाने घरी आल्यावर उरलेला केक मागितला. हॅटीकडेच राहिला होता. ती चालत जाऊन घेऊन आली.

तुझ्या साहेबांना सांग, फोटो मिळणार नाही आणि पान सहा खोटं झालं. गवत ऑगस्टअखेरीला पेरतील. यंदा मोसमभर ग्रीनच्या अलीकडे कापलेल्या गवतातच भोकं पाडून खेळायचं ठरलं आहे. जे कोणी पत्रक घेऊन येतील त्यांना लेनर्ड बिअर देणार आहे, त्याच्या खर्चाने.

आज सकाळी मी सवयीने मैदानावर गेलो. लेनर्ड आधीच आला होता, पुढे खोरं लावलेला ट्रॅक्टर घेऊन. पहिल्या ग्रीनवरची वाळू त्याने काढली, दोन ट्रक भरले. ऑइलमुळे शाळेने ती घेतली नाही, म्हणून धान्यगोदामामागच्या रस्त्यावर टाकली. खाली माती काळी निघाली, ओलसर. त्याने यंत्राचं विचारलं. मी हो म्हटलं.

रूडी